नववर्षाचा संकल्प : हेतू स्थिर, वाट लवचीक

दरवर्षी १ जानेवारीच्या सुमारास पहाटे चालायला जाण्याचे, नियमित वाचनाचे, बचतीचे, गोड कमी करण्याचे किंवा तंबाखू सोडण्याचे संकल्प घरोघरी केले जातात आणि त्यांपैकी पुष्कळसे संक्रांतीचा तिळगूळ संपण्यापूर्वीच मोडलेले असतात. संकल्प मोडला की त्याचे खापर इच्छाशक्तीच्या अभावावर फोडण्याची पद्धत आहे. परंतु गेल्या पाच दशकांतील मानसशास्त्रीय संशोधन आणि मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली व्रतनियमांची रचना या दोन्हींचा एकत्रित विचार केला, तर दोष बहुतेक वेळा संकल्प करणाऱ्यात नसून संकल्पाच्या बांधणीत असतो, असे दिसून येते. जो संकल्प एकाही चुकलेल्या दिवसाला जागा ठेवत नाही, तो पहिल्या चुकीबरोबर संपतो. आणि ज्याला कसलीच चौकट नसते, तो मुळात सुरूच होत नाही. या दोहोंच्या मधला, म्हणजे हेतूला घट्ट धरणारा पण माप, वेळ आणि मार्ग यांच्या बाबतीत आधीच विचारपूर्वक मोकळीक ठेवणारा संकल्प कसा करावा, हा या लेखाचा विषय आहे.

नव्या आरंभाचे बळ

वर्षाच्या पहिल्या दिवशी संकल्प करणे ही केवळ रूढी असून तिला काही अर्थ नाही, असा आक्षेप अनेकदा घेतला जातो. हा आक्षेप पुराव्याला धरून नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हॉर्टन स्कूलमधील हेंगचेन डाय, केटी मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहारनियंत्रणाविषयीचे इंटरनेटवरील शोध, व्यायामशाळेतील हजेरी आणि स्वतःला घालून घेतलेली बंधने यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नवा आठवडा, नवा महिना, नवे वर्ष यांच्या आरंभी या सगळ्यांत वाढ होते असे आढळले. या प्रवृत्तीला ‘नवारंभ परिणाम’ असे म्हणता येईल. कालगणनेतील एखादा ठळक टप्पा ओलांडला की मागील अपयश जुन्या पर्वातले वाटू लागते आणि मन पुन्हा प्रयत्नाला तयार होते, असे त्याचे स्पष्टीकरण या संशोधकांनी दिले आहे.

संकल्पाचा प्रत्यक्ष उपयोग किती होतो, याचे मोजमाप पेनसिल्व्हेनियातीलच स्क्रँटन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस यांनी केले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नववर्षाचा संकल्प केलेले १५९ लोक आणि बदलाची इच्छा असूनही संकल्प न केलेले १२३ लोक यांची तुलना होती. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटातील ४६ टक्के, तर दुसऱ्या गटातील अवघे ४ टक्के लोक आपल्या प्रयत्नात यशस्वी ठरले होते. नुसती इच्छा आणि उच्चारलेला संकल्प यांत एवढे अंतर आहे. मात्र याच नॉरक्रॉस यांनी १९८०च्या दशकात २०० जणांचा दोन वर्षे मागोवा घेतला होता, तेव्हा पहिला आठवडा ७७ टक्के लोकांनी निभावला, परंतु दोन वर्षांनंतर संकल्पावर टिकून राहिलेले केवळ १९ टक्केच होते. त्या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे : जे शेवटपर्यंत यशस्वी झाले, त्यांच्यातीलही ५३ टक्के लोक मध्ये कधी ना कधी चुकले होते आणि दोन वर्षांतील अशा चुकांची सरासरी १४ होती. यशस्वी माणसेही वारंवार चुकली होती. चुकल्यावर ती पुन्हा वाटेवर आली, एवढाच त्यांचा विशेष होता.

ताठ संकल्प का मोडतो

एका चुकीने सगळा संकल्प का कोसळतो, याचा शोध आहाराच्या अभ्यासातून लागला. १९७५ साली हर्मन आणि मॅक या संशोधकांनी काही जणांना आधी मिल्कशेक पाजून नंतर आइस्क्रीम हवे तेवढे खाण्यास दिले. जे एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हते, त्यांनी पोट भरल्यामुळे आइस्क्रीम कमी खाल्ले. परंतु जे कडक आहारनियम पाळत होते, त्यांनी मिल्कशेक प्याल्यानंतर उलट अधिक खाल्ले. नियम मोडलाच आहे, तर आजचा दिवस गेलाच, असा त्यांच्या मनाने हिशेब केला होता. पुढे टोरोंटो विद्यापीठात पीटर हर्मन आणि जेनेट पोलिव्ही यांनी या वृत्तीचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि अवास्तव अपेक्षांनी भरलेले संकल्प पुन्हापुन्हा करून पुन्हापुन्हा मोडण्याच्या चक्राला ‘खोट्या आशेचा विकार’ असे नाव दिले. उद्दिष्ट जितके भव्य, तितका ते ठरवतानाचा आनंद मोठा आणि तितकीच पुढची निराशाही मोठी, हे त्या चक्राचे स्वरूप आहे.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात हीच गोष्ट सिएटलमधील वॉशिंग्टन विद्यापीठाचे अ‍ॅलन मार्लॅट यांनी मांडली. एखाद्या वेळी घसरणे आणि पूर्वीच्या स्थितीत पूर्णपणे परत जाणे या दोन वेगळ्या घटना असून त्यांना जोडणारा दुवा माणसाच्या विचारात असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. घसरलेला माणूस ‘आपण मुळातच दुबळे आहोत’ असा निष्कर्ष काढतो, त्यातून अपराधभाव येतो आणि तो अपराधभाव विसरण्यासाठी तो पुन्हा त्याच सवयीचा आधार घेतो. या प्रक्रियेला ‘संयमभंग परिणाम’ म्हणतात. याच्या उलट बाजूने पाहिले, तर २०१२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील ज्युलियाना ब्राइनेस आणि सेरेना चेन यांच्या प्रयोगांत असे आढळले की आपल्या चुकीकडे करुणेने पाहणारे लोक पुढच्या वेळी सुधारण्यासाठी अधिक प्रयत्न करतात. स्वतःला क्षमा केल्याने माणूस ढिला पडतो, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

व्रतांच्या बांधणीतील शहाणपण

मराठी घरांना ही दृष्टी परकी वाटण्याचे कारण नाही. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात धरले जाणारे नेम हे मुदतबद्ध संकल्पाचे उत्तम उदाहरण आहे. कांदा, लसूण, वांगे वर्ज्य करणे, दिवसातून एकदाच जेवणे, रोज पोथीचा अध्याय वाचणे, यांपैकी एखादाच नेम प्रत्येकाने आपापल्या प्रकृतीला व संसाराला झेपेल असा निवडायचा, तो चार महिने पाळायचा आणि शेवटी त्याचे उद्यापन करायचे, अशी ही रीत आहे. तिच्यात निवडीला वाव आहे, मुदत ठरलेली आहे आणि समाप्तीचा समाधानाचा क्षणही आहे. जन्मभराची प्रतिज्ञा करण्याऐवजी चार महिन्यांचा नेम करणारी गृहिणी पुढच्या वर्षी तोच नेम पुन्हा धरू शकते किंवा बदलू शकते. लाखोली वाहण्याच्या प्रथेत तर महत्त्व एकूण एक लाखाला असते. ती ठरलेल्या काळात थोडी थोडी करून पुरी केली जाते आणि रोजच्या आकड्यापेक्षा अखेरची बेरीज मोठी मानली जाते.

शास्त्रग्रंथांतही व्रतांना आधीच सवलती दिलेल्या आहेत. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात व्रतांचे सविस्तर विवेचन केले आहे. पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांसारख्या काही गोष्टी घेतल्याने व्रतभंग होत नाही, असे प्राचीन वचन धर्मशास्त्रात प्रमाण मानले गेले. आजारी व अशक्त व्यक्तीसाठी प्रतिनिधीकरवी व्रत पुरे करण्याची तरतूद ठेवण्यात आली. एकादशीचा उपवास कोणी निर्जळी करतो, कोणी फलाहारावर, तर कोणी साबुदाणा, वरी, राजगिरा खाऊन करतो आणि तिघांचीही एकादशी घडली असेच समजले जाते. या सवलती व्रत मोडल्यावर शोधलेल्या नाहीत. त्या व्रताबरोबरच सांगितलेल्या आहेत आणि लवचीक संकल्पाचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे.

राखीव दिवसांचा हिशेब

आधी ठरवलेल्या सवलतीचा परिणाम आधुनिक प्रयोगांतही दिसतो. मारिसा शरीफ आणि सुझॅन शू यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातील एका प्रयोगात लोकांना आठवडाभर रोज एक छोटे, कंटाळवाणे काम मोबदला घेऊन करायचे होते. एका गटापुढे सातही दिवस काम करण्याचे लक्ष्य होते, दुसऱ्यापुढे पाच दिवसांचे, तर तिसऱ्यापुढे लक्ष्य सात दिवसांचेच होते, मात्र अडचण आल्यास वापरण्यासाठी दोन राखीव सुट्ट्या दिलेल्या होत्या. पहिल्या गटातील २१ टक्के आणि दुसऱ्यातील २६ टक्के लोकांनी लक्ष्य गाठले. तिसऱ्या गटात मात्र हे प्रमाण ५३ टक्के निघाले. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाला करावे लागणारे काम प्रत्यक्षात सारखेच होते, तरीही राखीव सुट्टी असलेल्यांनी ती जपून वापरली आणि एखादा दिवस चुकला तरी आपण हरलो असे त्यांना वाटले नाही. उंच लक्ष्याची ओढ आणि चुकीला जागा, या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच वेळी मिळाल्या.

वेळेच्या बाबतीतही असाच अनुभव आला. मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मोठ्या अमेरिकी कंपनीतील सुमारे २,५०० कर्मचाऱ्यांना व्यायामशाळेत जाण्यासाठी पैसे देऊ केले. काहींना ते फक्त स्वतः ठरवलेल्या दोन तासांच्या अवधीत गेल्यास मिळणार होते, तर काहींना दिवसातून केव्हाही गेल्यास. ठरल्या वेळी गेल्यानेच सवय पक्की होईल, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु पैसे देणे थांबल्यावर अधिक काळ व्यायाम करत राहिले ते केव्हाही जाण्याची मुभा असलेले लोक. ठरीव वेळेच्या गटातील माणसे ती वेळ टळली की त्या दिवशी जाणेच टाळत होती.

सवय किती दिवसांत लागते, याविषयी २१ दिवसांचा जो आकडा सर्वत्र सांगितला जातो, त्यालाही संशोधनाचा आधार मिळत नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील फिलिपा लॅली यांनी ९६ स्वयंसेवकांच्या १२ आठवड्यांच्या नोंदींवरून जो गणिती अंदाज बांधला, त्यात सवय अंगवळणी पडण्याचा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता आणि त्याचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातील मधला आकडा, ६६ दिवसांचा होता. जेवणाबरोबर पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा लागते. मधला एखादा दिवस चुकल्याने या प्रक्रियेला फारशी बाधा येत नाही, हाही त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता.

सवलत आणि सबब

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घ्यावा लागतो. १९३० साली पुण्याच्या येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत महात्मा गांधींनी व्रताची आवश्यकता सांगताना ‘शक्यतो करीन’ या भाषेवर कठोर टीका केली आहे; असे म्हणणारा माणूस पहिल्याच मोहाला शरण जातो, असे त्यांचे मत होते. हा आक्षेप रास्त आहे, कारण ‘शक्यतो’ या शब्दात काय शक्य आणि काय अशक्य हे ठरवण्याचा अधिकार त्या क्षणीच्या आळसाला दिलेला असतो. लवचीक संकल्प म्हणजे ‘शक्यतो’ पाळायचा संकल्प असा अर्थ घेतला, तर त्याचा काहीच उपयोग होणार नाही.

गांधींच्याच जीवनातील एक प्रसंग या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो. दक्षिण आफ्रिकेतील टॉल्स्टॉय फार्मवर १९१२ साली त्यांनी दूध सोडले होते. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीच्या कामात असताना ते अतिशय आजारी पडले, माथेरानला जाऊनही प्रकृती सुधारेना आणि मुंबईत डॉक्टरांनी दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही असे सांगितले, तेव्हा गाई-म्हशीच्या दुधाचीच प्रतिज्ञा होती, शेळीच्या दुधाला हरकत नसावी, असे कस्तुरबांनी सुचवले. गांधींनी ते मान्य केले. परंतु आपण प्रतिज्ञेचे अक्षर पाळले आणि आत्मा गमावला, ही खंत त्यांनी आत्मकथेत स्पष्टपणे नोंदवली आहे. आजारपणात दूध घेणे चूक होते, असा या घटनेचा अर्थ लावता येणार नाही. तो अपवाद प्रतिज्ञा करतेवेळी गृहीत धरला असता, तर जीवही वाचला असता आणि मनाला सलही राहिला नसता, हा तिच्यातून निघणारा धडा आहे. शांत मनाने आधी ठरवलेली सूट हा नियमाचाच भाग असतो. मोहाच्या किंवा संकटाच्या क्षणी शोधलेली सूट, ती कितीही योग्य असली तरी, सबबीसारखी टोचत राहते.

संकल्पाची मांडणी

या साऱ्यावरून लवचीक संकल्पाची पाच अंगे निश्चित करता येतात. पहिले अंग हेतू, आणि तो शक्यतोवर काही सोडण्याऐवजी काही करण्याच्या भाषेत मांडावा. स्वीडनमध्ये १,०६६ लोकांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षअखेरीस ‘अमुक करीन’ अशा संकल्पांत ५८.९ टक्के, तर ‘अमुक टाळीन’ अशा संकल्पांत ४७.१ टक्के लोकांनी स्वतःला यशस्वी म्हटले होते. दुसरे अंग माप, आणि ते दिवसापेक्षा आठवड्याचे ठेवणे हिताचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे आणि ती सलग दहा मिनिटांची असलीच पाहिजे ही पूर्वीची अट त्यांत नाही. लोकलने रोज तीन तास प्रवास करणाऱ्या कल्याणच्या नोकरदाराला किंवा पाळ्यांत काम करणाऱ्या परिचारिकेला रोज सकाळी सहाच्या फेरीपेक्षा आठवड्याची ही बेरीज अधिक साधण्यासारखी असते.

तिसरे अंग किमान मात्रेचे. पूर्ण दिवस आणि चुकलेला दिवस यांच्या मध्ये एक पायरी असावी. तीस मिनिटे चालणे न जमल्यास दहा मिनिटे, वीस पाने वाचणे न जमल्यास दोन पाने, अशी ती आधीच लिहून ठेवावी. चौथे अंग राखीव दिवसांचे आणि ‘जर-तर’ योजनेचे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी ‘अमुक परिस्थिती आली, तर अमुक कृती करीन’ या स्वरूपाच्या योजनेचा विशेष अभ्यास केला असून पास्कल शीरन यांच्यासह २००६ साली त्यांनी ९४ चाचण्यांचा जो एकत्रित आढावा घेतला, त्यात अशा योजनेमुळे उद्दिष्ट गाठण्याची शक्यता लक्षणीय वाढते असे दिसले. महाराष्ट्रातील वर्षाचे अडथळे बहुतांशी ठाऊक असतात : जून ते सप्टेंबर पाऊस, मार्चअखेरीचे हिशेब, मुलांच्या परीक्षा, गणपती, लग्नसराई, शेतकऱ्याच्या घरी पेरणी आणि सुगी. पाऊस असेल तर घरात सूर्यनमस्कार, घरात पाहुणे असतील तर किमान मात्रा, असे प्रत्येक अडथळ्याचे उत्तर डिसेंबरातच लिहिता येते.

पाचवे अंग मुदत आणि फेरविचार. बेंजामिन फ्रँकलिन यांनी तरुणपणी तेरा सद्गुणांची यादी करून एका आठवड्यात एकाच गुणाकडे विशेष लक्ष द्यायचे ठरवले होते. तेरा आठवड्यांचे एक आवर्तन आणि वर्षात चार आवर्तने असा तो हिशेब होता. प्रत्येक चुकीसाठी ते वहीत काळा ठिपका देत. टापटीप त्यांना अखेरपर्यंत साधली नाही, तरीही या प्रयत्नाने आपण अधिक चांगले आणि सुखी झालो, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. मराठी माणसाला अशा चार टप्प्यांसाठी वेगळी दिनदर्शिका लागत नाही. १ जानेवारी, गुढीपाडवा, आषाढी एकादशी आणि दिवाळीचा पाडवा हे चार दिवस एकमेकांपासून साधारण तीन ते चार महिन्यांच्या अंतराने येतात, त्यांतील दोन साडेतीन मुहूर्तांपैकी आहेत आणि नवारंभाचे बळ प्रत्येकात आहे. दिवाळी पाडव्याला व्यापारी जशी नवी वही घालतो, तशी या प्रत्येक दिवशी संकल्पाची नोंद तपासून माप वाढवावे, घटवावे किंवा मार्ग बदलावा. एखादे उद्दिष्ट आता आयुष्याशी जुळत नसेल, तर ते सोडून दुसरे धरणेही योग्य ठरते. माँट्रियलच्या काँकॉर्डिया विद्यापीठातील कार्स्टन व्रॉश यांच्या अभ्यासांत अप्राप्य उद्दिष्ट सोडून नव्याकडे वळू शकणारे लोक अधिक समाधानी आढळले आहेत.

लवचीकतेची मर्यादा

प्रत्येक संकल्पाला ही मोकळीक लागू पडत नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्या ६९७ लोकांवर इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका ठरल्या दिवशी पूर्णपणे सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक चार आठवड्यांनंतर धूम्रपानापासून दूर होते, तर हळूहळू कमी करत सोडणाऱ्यांत हे प्रमाण ३९.२ टक्के होते. तंबाखूच्या बाबतीत ‘आठवड्यात दोन राखीव दिवस’ ही सोय घातक आहे. तेथे लवचीकता चुकल्यानंतर पुन्हा उभे राहण्यापुरतीच असावी. दारूचे व्यसन जडलेल्याने वैद्यकीय सल्ल्याशिवाय स्वतःच्या मनाने काही ठरवू नये. रक्तदाब किंवा मधुमेहाच्या औषधांच्या वेळा, वाहन चालवतानाची दक्षता, दुसऱ्याला दिलेले वचन या गोष्टींतही सवलतीला जागा नाही. ज्या संकल्पाचा भार फक्त करणाऱ्यावर पडतो आणि ज्याचे फळ दीर्घकाळच्या बेरजेतून मिळते, तोच लवचीक ठेवण्यास योग्य असतो.

येत्या वर्षी संकल्प करणाऱ्याने एकच हेतू निवडावा आणि त्याखाली आठवड्याचे माप, किमान मात्रा, राखीव दिवस व फेरविचाराची तारीख एका कागदावर लिहून तो घरातल्या एका विश्वासू माणसाला दाखवावा. लिहिलेल्या सवलतीपलीकडे सवलत घेऊ नये; आणि तरीही चूक झालीच, तर पुढच्या सोमवारची किंवा पुढच्या वर्षाची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी पुन्हा सुरुवात करावी. वर्षअखेरीस चुकलेल्या दिवसांची मोजदाद करण्यापेक्षा पुन्हा सुरुवात किती वेळा केली हे मोजावे, कारण टिकणारा बदल त्याच बळावर उभा राहतो.